नऊशे साठ चौकटी

चोवीस

चाळीस सेकंद. आमच्या महदिया गावचं कबरस्तान, मागे समुद्र. सहा बायका, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीसारख्या सफसाऱ्या गुंडाळलेल्या. छाती पिटतात. वाकतात. उठतात. वाकतात. कोंबड्या दाणे टिपतात तशा.

"अरे पंखा लावा, बायकांना उकडतंय!" दाताचे डॉक्टर तिजानी ओरडतात. सभागृह खदखदतं. संपलं.

आमच्या फिल्म क्लबात हे रीळ लागलं की हे असंच. १९२६ साली एक परदेशी कंपनी गावात आली, बुडालेल्या कोळ्याची मूक गोष्ट चित्रित करून गेली. रडायला गावातल्याच बायका उभ्या केल्या. डावीकडून तिसरी, पंधरा वर्षांची, ती लामीनकाकांची आई.

काका सत्तरीचे. जन्म होडीत गेला.

"मीसुद्धा हसलो होतो," त्यांनी मला एकदा सांगितलं. "तरुण होतो. ती शेजारीच बसलेली. घरी आल्यावर म्हणाली, डावीकडून तिसरी मी."

पुढे ती गेली. तोवर तो विषय दोघांनी पुन्हा काढला नव्हता.

यंदा काका क्लबच्या सेक्रेटरीकडे, उल्फाकडे आले. "पोरी, एकदा तरी माझ्या आईला कुणी हसता कामा नये."

"लोकांच्या तोंडाला कुलूप लावू का, काका?"

"लोकांच्या नको. याच्या यंत्राला लाव."

यंत्र माझं. म्हणजे चालवतो मी. तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला थोड्याच चौकटी. आमचं यंत्र बोलपटांचं, ते सेकंदाला चोवीस ओढतं. म्हणून माणसं पळतात. मी सूस शहरातून वेग कमीजास्त करता येणारं जुनं यंत्र मागवलं.

"पण खरा वेग कुठला?" उल्फानं विचारलं.

कोण सांगणार? हँडल फिरवणारा कधीच मेला.

अठरा

रविवार सकाळ, रिकाम्या खुर्च्या. त्रेपन्न सेकंद.

बायकांची कोंबड्यांतून सुटका झाली होती. मला पुरेसं वाटलं. काका पडद्याला नाक लावून उभे होते. आईकडे बघत नव्हते. तिच्या मागच्या पाण्याकडे बघत होते.

"ही लाट खोटी आहे."

"समुद्र काय नट आहे का, काका?"

"पोरा, त्या खडकाला मी पन्नास वर्षं होडी लावली. तिथं लाट आधी थांबते, मग पडते. तुझी थांबतच नाही. आण खाली."

आणलं.

"अजून."

"चित्र लुकलुकेल."

"लुकलुकू दे."

लाट थांबली. मग पडली.

"हां," काका म्हणाले. "बास. बाकीचं तिसऱ्या प्रहरी, सगळ्यांबरोबर." आणि हरिसाची तिखट चटणी लावलेला पाव खायला बाहेर गेले.

सोळा

साठ सेकंद, आणि आता हात छातीपर्यंत पोचायला वेळ घेतो, पोचल्यावर तिथं थोडा रेंगाळतो, सफसारीत वारा शिरतो आणि निघून जातो, टोकाच्या म्हातारीचं तोंड उघडतं आणि आवाज नसूनही सभागृहातले दोघेतिघे अंग चोरून घेतात, तिजानी डॉक्टर चष्मा काढतात, मागे लाट थांबते, आणि डावीकडून तिसरी मान खाली घालते, पदराचं टोक दातांत धरते, तिचे खांदे हलतात, आणि माझ्या यंत्राच्या खोलीच्या काचेतून मला दिसतं की हे रडणं नव्हे, कारण ती एकदा चौकटीबाहेर उजवीकडे कुणाकडे तरी बघते, तिचे गाल फुगतात, ती डोळे घट्ट मिटते, राहवत नाही म्हणून पुन्हा बघते, आणि फुटू पाहणारं हसू दाबायला कमरेतून पार वाकते.

सभागृहाला ते दिसलं नाही. लोक सहा जणींकडे बघत होते.

एकाला दिसलं. पहिल्या रांगेतून हसण्याचा आवाज आला, मोठा, खोकल्यासारखा, थांबवता न येणारा.

"श्श!" तिजानी चिडले. "काका, जरा तरी मान ठेवा!"

दिवे लागले. आमच्याकडे चर्चेशिवाय कुणी उठत नाही. तिजानीच आधी उभे राहिले. "मी वीस वर्षं हसलो. चुकलो. तुमच्या आईचं दुःख आज दिसलं, काका. तुम्हाला मघाशी हसू नव्हतं आलं, हुंदका होता तो. मला उशिरा कळलं."

सगळ्या माना वळल्या. उल्फानं माइक पुढे केला. काकांनी खरं काय ते सांगायचा अवकाश, सभागृह पुन्हा खदखदलं असतं, त्यांच्या आईवर.

"ती मन लावून काम करायची," काका म्हणाले आणि बसले.

लोक पांगल्यावर ते माझ्या खोलीत आले.

"तिच्या उजवीकडे कोण उभं होतं रे?"

"चौकटीबाहेर आहे. ते कुणालाच दिसायचं नाही."

"आणखी हळू लाव."

"दिव्याच्या उष्णतेनं फिल्म जळेल, काका."

ते स्टूल ओढून बसले. "मग सोळाच."

मी रीळ उलटं गुंडाळायला घेतलं.