तीन दिवस पोटात राहिलेला कागद

माझ्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात तडा आहे, झाकणाची एक बिजागरी तुटली आहे आणि पोटातली काळी पूड केव्हाच संपली आहे. मित्रांनो, मी झेरॉक्सचे एक जुने यंत्र आहे. मोसुल शहरातल्या एका विद्यापीठात, गणित आणि संगणक विभागाच्या जिन्याखालच्या कोठीत मी पडून असतो. बाहेर कुलूप असते. कोणी ऐकणारे भेटेल असे वाटले नव्हते. तुम्ही भेटलात, तर सगळे सांगून टाकतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे आरसे, दिवे आणि रूळ बसवले आणि मला खोक्यात बंद केले. बोटीने आणि मग ट्रकने मी मोसुलला पोचलो, तेव्हा एकोणीसशे एकोणनव्वद साल होते. आठ वर्षांची लढाई नुकतीच संपली होती. माणसे पुन्हा हसायला शिकत होती.

पहिल्या मजल्यावरची एक अरुंद खोली मला मिळाली. डावीकडे गणितवाले बसत, उजवीकडे संगणकवाले. खोलीला खिडकी नव्हती आणि दार लोखंडी जाळीचे होते, कारण त्या देशात कागदावर काहीही उमटवणाऱ्या यंत्रावर सरकारचा डोळा असे. विभागप्रमुखांची सही असल्याशिवाय माझ्या काचेवर चिटोराही ठेवता येत नसे. जाळीची किल्ली अबू यूनुसकडे होती. अबू यूनुस म्हणजे यूनुसचा बाप. तो विभागाचा शिपाई. त्याचे खरे नाव काय हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. एका हाताने तो माझी बटणे दाबी आणि दुसऱ्या हाताने रॉकेलच्या शेगडीवरचा चहा ढवळी. त्यामुळे माझी ती कोंदट खोली म्हणजे विभागाची चावडीच झाली होती.

पहिले वर्ष सुखाचे गेले. दर महिन्याला परदेशांतून गणिताची नियतकालिके येत. ती उघडताना शाईचा वास येई आणि माझ्यासमोर रांग लागे. "आधी माझं!" "अहो, मी सकाळपासून उभा आहे!" अशी भांडणे होत. माझ्या प्रती पाहून सगळे म्हणत, "काय सुरेख उमटवतं! मूळ कुठलं आणि नक्कल कुठली, कळतच नाही." मी फुशारून जाई.

पुढच्या उन्हाळ्यात आमच्या राज्यकर्त्यांनी शेजारच्या देशात फौज घुसवली. मग साऱ्या जगाने आमची दारे बाहेरून लावून घेतली. औषधे अडली, यंत्रांचे सुटे भाग अडले. ग्रॅफाइट असते म्हणून पेन्सिलीसुद्धा अडल्या. नियतकालिके बंद झाली. शेवटचा अंक इतक्या हातांतून फिरला, की त्याच्या पानांचे कोपरे गोल झाले. आता जगात कोण काय शोधते आहे, कोणते कोडे सुटले, कोणते उरले, हे आमच्या विभागात कोणालाही कळेनासे झाले. विहिरीत पडलेल्या माणसाला वरचे आभाळ तरी दिसते. आमच्या लोकांना तेही दिसत नव्हते.

माझी पूड संपत आली, तेव्हा अबू यूनुसने एक युक्ती काढली. माझ्या पोटात सांडलेली वाया गेलेली पूड तो गोळा करी, बायकोच्या जुन्या मलमलीतून चाळी आणि पुन्हा भरी. अक्षरे फिकट येत. कागद म्हणून मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी बाजू असे. तरी कोणी कुरकुर केली नाही.

त्या काळात माझ्याकडे सर्वांत जास्त येई ती डॉक्टर निदाल. ही गणिताची प्राध्यापिका, चाळिशीची, अविवाहित, तिच्या बाहीला कायम खडू लागलेला असे. तिचे कोडे ऐकायला सोपे होते. कागदावर काही ठिपके आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा आहेत. एका ठिपक्यापासून निघायचे, प्रत्येक ठिपक्याला एकदाच भेटायचे आणि परत मूळ जागी यायचे. एका खास प्रकारच्या जाळ्यात अशी वाट नेहमीच सापडते, असे तिचे म्हणणे होते आणि ते तिला सिद्ध करायचे होते. तिच्या प्रत्येक वहीत एक आकृती असे, मधोमध चिरलेल्या डाळिंबासारखी. त्या आकृतीच्या मी इतक्या प्रती काढल्या, की ती मला डोळे मिटून ओळखता आली असती.

तिचा जोडीदार होता संगणकवाला बहनाम. दोघे एकाच वर्गात शिकलेले. निदाल सिद्धता शोधी आणि बहनाम विभागातल्या एकुलत्या एक संगणकावर लहान लहान जाळी तपासून देई. पगारात भागत नसे, म्हणून दुपारनंतर तो बाजारात टीव्ही दुरुस्त करायला बसे.

"नऊ दिवस चालला होता प्रोग्रॅम," एकदा तो कपाळाला हात लावून म्हणाला. "काल वीज गेली. सगळं मुसळ केरात."

"मग आज परत लाव," निदाल म्हणाली.

"तुला काय जातंय सांगायला! बाजारात लोक मला उस्ताद म्हणतात, उस्ताद! इथं नुसता हमाल."

"हमालच हो बाबा. पण पंधरा ठिपक्यांपर्यंत तपासून दे."

अबू यूनुसने दोघांपुढे चहाचे पेले ठेवले. "डॉक्टरबाई, राग मानू नका, पण एवढे ठिपके जोडून शेवटी मिळतं काय?"

"वाट मिळते, अबू यूनुस. निघालो तिथं परत यायची."

"हात्तिच्या! ती तर मला रोज मिळते. घरून इथं, इथून घरी."

तिघेही हसले. त्या वर्षांत हसणे सुद्धा पुरवून पुरवून वापरावे लागे, पण त्या दिवशी पुष्कळ हसले.

अशी सहा वर्षे गेली. सत्त्याण्णव सालच्या वसंतात निदालची सिद्धता पूर्ण झाली. दर गुरुवारी विभागाची बैठक भरत असे. येत्या गुरुवारी निदालने सिद्धता मांडायची, असे ठरले. बाहेरच्या विभागांनाही बोलावणे गेले. तिचे वडील ऐंशी वर्षांचे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. तेही येणार होते. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत गादीची खुर्ची ठेवायला अबू यूनुसला सांगितले होते.

आणि त्याच आठवड्यातल्या सोमवारी उम्म राइद आली.

तिचा मुलगा राइद आमचाच जुना विद्यार्थी, अम्मानला शिकवत होता. त्याला भेटून ती वाळवंटातून टॅक्सीने परतली होती. तिने पिशवीतून लोणच्याच्या बरण्या काढल्या आणि त्यांच्याभोवती गुंडाळलेले कागद सोडवू लागली. ते गणिताचे लेख होते. तिसेक तरी असतील. गेल्या सात वर्षांतले, राइदने निवडून पाठवलेले.

"सरहद्दीच्या नाक्यावर शिपायानं विचारलं, हे कागद कसले?" ती धापा टाकत म्हणाली. "म्हटलं, बाबा, बरण्या फुटू नयेत म्हणून गुंडाळलेत. खोटं बोलले का मी? सांगा, खोटं बोलले का?"

"मुळीच नाही!" सगळे ओरडले. विभागाचे लग्नघर झाले. कोणी तिच्या हाताचे मुके घेतले. कोणी लेखांवरचे तेलाचे डाग पुसले. अबू यूनुसने खजुराच्या करंज्या मागवल्या. आणि सगळे लेख उतरवायचे काम बहनामने अंगावर घेतले, कारण अबू यूनुस पाहुण्यांना चहा देण्यात गुंतला होता.

एकेक लेख माझ्या काचेवर येऊ लागला. सतरावा आला. माझा दिवा त्या पानावरून सरकला आणि मला ती दिसली. चिरलेल्या डाळिंबाची आकृती. तेच जाळे, तोच प्रश्न, खाली त्याची सिद्धता. लेख चार वर्षांपूर्वीचा होता. दूरच्या कोणत्या तरी देशातल्या एका माणसाने ते कोडे केव्हाच सोडवले होते.

मित्रांनो, मला किंचाळायचे होते. पण यंत्राला आवाज नसतो. मी निमूटपणे ती प्रत बाहेर दिली.

बहनामने ती उचलली. वाचली. पुन्हा वाचली. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. शेजारच्या खोलीतून निदालचे हसणे ऐकू येत होते. त्याने मूळ लेख आणि प्रत यांची एकत्र घडी केली, मागे वळून पाहिले आणि माझा खालचा कप्पा ओढून त्याच्या पाठीमागे, पार आत कोंबली.

"गुरुवारपर्यंत," तो स्वतःशीच पुटपुटला. "म्हाताऱ्याला एकदा टाळ्या ऐकू देत. मग सांगीन."

ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस होते. निदाल रोज येई. काचेवर कागद ठेवताना गुणगुणे. मी तिच्या कागदांचे फोटो काढत होतो आणि त्यांच्या खाली एका वितीवर ती बातमी दडलेली होती. बहनाम जाळीपाशी येई, आत न येताच परत जाई. त्याचेही हाल मला दिसत होते.

गुरुवारी सकाळी निदालला आपल्या टिपणाच्या प्रती हव्या होत्या. दुसऱ्याच प्रतीला माझे रूळ अडकले. खरर्र असा आवाज झाला. लपवलेल्या घडीचा कोपरा आत ओढला गेला होता.

"काय खाल्लं रे बाबा आज?" म्हणत अबू यूनुसने माझे पोट उघडले, हात घातला आणि चुरगळलेला लेख बाहेर काढला. "डॉक्टरबाई, हे तुमचंच दिसतंय. तुमचं डाळिंब आहे यावर."

निदालने कागद मांडीवर सरळ केला. रॉकेलच्या डब्यावर बसून तिने तो शेवटपर्यंत वाचला. शेगडीवरचे पाणी उकळून आटले, तरी अबू यूनुस हलला नाही.

बहनाम दारात आला आणि तिच्या हातातला कागद पाहून तिथेच थबकला.

"तुला माहीत होतं?" तिने विचारले.

"सोमवारपासून."

"बाहेरच्यांनी चार वर्षं मला कळू दिलं नाही, ते समजू शकते. ते मला ओळखत नाहीत. तू? तू तीन दिवस लपवलंस?"

"तुझे वडील येणार होते, निदाल. मला वाटलं, एक दिवस तरी..."

"एक दिवस मी सगळ्यांसमोर उभी राहून दुसऱ्याचं माझं म्हणून सांगितलं असतं. आणि तू टाळ्या वाजवल्या असत्यास." ती उठली. "दारं लावायला सरकार काय कमी आहे, म्हणून तूही एक लावलंस?"

बहनामने मान खाली घातली.

बैठकीची खोली माझ्या शेजारीच होती. दार उघडे होते, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. निदाल फळ्यापाशी गेली. म्हणाली, "आज मी जे मांडणार होते, ते खरं आहे. पण ते चार वर्षांपूर्वीच एकानं सिद्ध केलंय. मला आज सकाळी कळलं." तिने त्या माणसाचे नाव फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले.

मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "म्हणजे सहा वर्षं पाण्यात?"

तेवढ्यात काठी आपटल्याचा आवाज आला. ते तिचे वडील होते. "कोणाचं का असेना, बरोबर आहे ना? मग मांड की. आम्ही इतके लोक आलोय कशाला?"

निदालने आधी त्या परक्या माणसाची सिद्धता मांडली. मग स्वतःची मांडली. तिची वाट वेगळी होती, लांबची होती, पण तिथेच पोचत होती. बहनामने तपासलेल्या जाळ्यांचा तक्ताही तिने त्याच्या नावासकट फळ्यावर लिहिला. शेवटी तिच्या वडिलांनी एका पायरीवर शंका काढली आणि बापलेकींचे चांगले अर्धा तास भांडण झाले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. वाजवायचे कोणाला सुचलेच नाही, इतके सगळे त्या भांडणात शिरले होते.

चाळीस दिवस निदाल बहनामशी बोलली नाही. चहा सुद्धा दोघे वेगवेगळ्या वेळी घेत. एक दिवस ती माझ्या खोलीत आली, तेव्हा तो आत होता. तिने त्याच्याकडे न पाहता विचारले, "सोळा ठिपके जमतील?"

"वीज राहिली तर," तो म्हणाला. आणि अबू यूनुसने न विचारताच दोन पेले भरले.

त्या परक्या गणितज्ञाला निदालने पत्र लिहिले होते. ते अम्मानच्या टॅक्सीने गेले, एवढे मला ठाऊक आहे. उत्तर आले की नाही, ते मला कळले नाही. कारण त्या हिवाळ्यात माझा रूळ पार झिजला, प्रती काळ्याकुट्ट येऊ लागल्या आणि सुटा भाग काही मिळेना. चौघांनी उचलून मला जिन्याखालच्या कोठीत आणून ठेवले. माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या. ज्या काचेवर लोक हळुवार हात फिरवत, तिच्यावर कोणीतरी रंगाचा डबा आदळला. तो तडा तेव्हाचा आहे. वर्षे गेली. पुन्हा लढाई झाली, भिंती हादरल्या, माझ्यावर चुना पडला. वर पावले वाजत, खडूचा आवाज येई आणि मी इथे अंधारात तो ऐकत बसे.

एकदाच कुलूप उघडले. अबू यूनुस निवृत्त होत होता आणि आपली जुनी शेगडी न्यायला आला होता. त्याने माझ्या झाकणावरची धूळ बाहीने पुसली.

"ऐक," तो म्हणाला. तो माझ्याशी बोले, हे तुम्हाला सांगायचे राहिलेच. "डॉक्टरबाई विभागप्रमुख झाल्या. पहिला हुकूम काय काढला असेल? बाहेरून आलेला कागद त्याच दिवशी सगळ्यांना दाखवायचा. आणि लेखांच्या कपाटाला कुलूप नाही. आणि ती सूचना दारावर चिकटवली कोणी? आमच्या बहनामउस्तादांनी. चारी कोपऱ्यांना खळ लावून!"

तो हसला, शेगडी उचलली, मला एक थाप मारली आणि निघून गेला. जाताना, बिचाऱ्याने सवयीने, कोठीला कुलूप लावले.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणणार नाही. माझे दिवस भरले. मागणे एवढेच आहे, की ज्या कागदाची कोणीतरी वाट पाहत आहे असा कागद तुमच्या हाती आला, तर तो त्याच दिवशी त्याला द्या. बातमी कडू असली तरी द्या. मायेपोटी सुद्धा लपवू नका. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद हातोहात पुढे दिले, आणि फक्त एकच कागद तीन दिवस अडवून धरला. तोही माझ्या मर्जीने नव्हे. तरी या अंधारात मला आठवतो, तो तेवढाच.