टेकाडावरचे पांढरे गोटे

वरच्या मातीत काही नाही, हे तुम्ही ठरवलंत. रॉसकॉमनच्या त्या टेकाडावर रस्ते खात्यातल्या तुमच्यापैकी एकाचाही बूट कधी चिखलात रुतला नाही, तरी ठरवलंत. रस्ता अडलाय म्हणालात. वरचा थर यंत्रानं काढा, खालचं चार हजार वर्षांपूर्वीचं तेवढं जपून उकरा.

उकरलं. उत्खननावरची फिडेल्मा क्वर्क सगळा हिवाळा तिथं गुडघ्यांवर होती. खांबांचे खळगे निघाले, चुली निघाल्या, दगडी पेटीत ठेवलेली जळकी हाडं निघाली. पाऊस खड्डे भरायचा, ती उपसायची, तो पुन्हा भरायचा. आता तर तिला कंटाळाही येईनासा झाला होता.

एका दुपारी शेजारच्या घरातली अट्राक्टा मल्हर्न कुंपणापाशी आली. ऐंशी उलटलेली, हातात चहाचा थर्मास.

"घे गं पोरी. बेडकासारखी बसलीयस त्या डबक्यात."

"बेडूक तरी आवडीनं बसतो, मावशी."

म्हातारी हसली नाही. "इथले पांढरे गोटे कुठे गेले?"

फिडेल्माचा कप हातातच राहिला. यंत्रानं माती खरवडली तेव्हा गारगोटीचे ते गोटे तिनंच बादलीत भरले होते. चार हजार वर्षांपूर्वीचे ते लोक मढ्यापाशी गारगोटी ठेवायचे. म्हणून खोदकामाचा प्रमुख कोलमन म्हणाला, खालच्या थडग्यांचेच असणार, नांगरानं वर आलेले. ती हो म्हणाली. थकलेलं माणूस लवकर हो म्हणतं.

"माझा भाऊ आहे इथं," अट्राक्टा म्हणाली. "जन्मला आणि गेला. पाद्री यायच्या आत. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चच्या जागेत घेईनात. अशी पोरं लोक या टेकाडावर आणायचे, उजाडायच्या आत. वर एक पांढरा गोटा. बाबांनी त्याला लोण्याच्या खोक्यात आणलं. आई मरेपर्यंत खिडकीतून तो गोटा बघायची."

"आम्हाला कुणी बोललं नाही, मावशी."

"आम्ही आपसांतही बोललो नाही. लाज वाटायची. आणि विचारायला तरी कोण आलं होतं?"

कोलमन पत्र्याच्या खोलीत मोजे वाळवत होता. फिडेल्मानं विचारलं, "वरची माती कुठाय?"

"पुलाच्या भरावात. रोलरही फिरला. का?"

"तिच्यात लेकरं होती."

त्यानं मोजे खाली ठेवले. "तान्ह्याचं कोवळं हाड इथल्या आंबट मातीत विरून जातं गं, जाळलेलं तेवढं टिकतं. आम्हाला कसं दिसणार?"

"म्हणून तर गोटा ठेवतात, कोलमन."

तिनं बादली कुंपणापाशी नेली. अट्राक्टानं एकेक गोटा उचलला, पदराला पुसावा तसा कोटाला पुसला, परत ठेवला. जन्मभर लांबून पाहिलेला गोटा जवळून कसा ओळखायचा?

"राहू दे," ती म्हणाली. "सगळेच ठेवू. कुठे ठेवायचे तेवढं सांग."

फिडेल्मानं तुम्हाला लिहून विचारलं. टेकाडाचं काम समाधानकारक झालं, असं तुम्ही कळवलंत.

हे तिनं विचारलंच नव्हतं. बादली अजून कुंपणापाशी आहे, आणि म्हातारी रोज येते. गोटे कुठे ठेवायचे, ते सांगा.