चार वाजून दहा मिनिटांची पट्टी

उर्वीला वाटलं होतं, जिना चढून वर गेलं की काचेमागे स्टुडिओ असेल. दारावर लाल दिवा असेल, कपाटात तीस वर्षांच्या कॅसेटी वर्षवार लावलेल्या असतील आणि बाकावर मोहल्ल्यातली माणसं आपापलं म्हणणं घेऊन बसलेली असतील. ती आठ वर्षांची असताना आईवडिलांबरोबर परदेशी गेली, शिकली ग्लासगोला, आणि तिथे बसून तिने काकांच्या ‘शेजार’ चॅनलवर साठ पानांचा प्रबंध लिहिला. त्यात हे सगळं होतं.

सापडली ती पिठाच्या चक्कीवरची एक खोली. एक टेबलफॅन, एक हँडीकॅम, निळा पडदा, त्यापुढे प्लास्टिकची फुलं, सगळ्यावर पिठाचा पातळ थर. आणि मांडणीवर चपलांच्या खोक्याएवढा एक पत्र्याचा डबा. तिने बोटाने माझ्यावरचं पीठ पुसलं आणि विचारलं, “काका, बाकीचं कुठे आहे?”

बाकीचं नव्हतंच. मीच होतो.

मी मॉड्युलेटर. नाव जड आहे, काम साधं आहे. कॅमेऱ्यातलं किंवा कॉम्प्युटरमधलं चित्र घ्यायचं, त्याला टीव्हीवरचा एक नंबर द्यायचा आणि तारेत सोडायचं. माझा नंबर सात. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी करणाऱ्या उर्वीच्या काकांनी, वासुदेवरावांनी, मला चौऱ्याण्णव साली दिल्लीच्या बाजारातून आणलं, धोतरात गुंडाळून. गच्चीवरून गच्चीवर तार टाकत त्यांनी इंदूरच्या रामबागेतली सहाशे चाळीस घरं जोडली. माझी ताकद तेवढीच. राजवाडा इथून चालत जाण्याइतका जवळ, पण तिथपर्यंतही माझं चित्र कधी पोहोचलं नाही.

पण या सहाशे घरांत मी काय काय नेलं! शाळांचे निकाल, गणपतीतली नाटकं, हरवलेल्या गाई, नळाला पाणी कधी येणार ते. मग डिशवाले आले, डिजिटल पेट्या आल्या, फोन आले. घरं दोनशेदहावर आली. तेवढ्यांनी जुनी तार कापू दिली नाही, त्याचं कारण होतं शोकपट्टी.

मोहल्ल्यात कुणी गेलं, की सातव्या नंबरवर नाव आणि फोटो येतो आणि खाली उठावन्याची वेळ. तिसऱ्या दिवशीच्या शोकसभेला इंदूरात उठावना म्हणतात. आमची मराठी माणसंही आता तेच म्हणतात. वासुदेवरावांचा एक नियम होता. बातमी कुणीही आणो, ते स्वतः त्या घरी जायचे. काही विचारायचे नाहीत, थोडा वेळ दारात उभे राहायचे. घरातलं वडीलधारं माणूस आपणहून बाहेर येऊन नाव, वय, वेळ सांगायचं. मग परत येऊन पट्टी लागायची. त्यात तासभर जायचा, कधी दोन.

उर्वीला हे बघवेना. “काका, लोकांना बातमी फोनवर आधी कळते आणि आपण मागून येतो. मग आपला उपयोग काय?” तिचा आवाज खरा होता, तळमळीचा होता. ती रात्रंदिवस या डब्याला जगवायला बघत होती. तिने चॅनलसाठी व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर घेतला. फोटो पाठवा, पाच मिनिटांत पट्टी. वासुदेवरावांचे गुडघे दुखत होते. ते म्हणाले, “करून बघ, बेटा.”

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं.

मग तो बुधवार आला. चार वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मिलच्या रंगखात्यातून निवृत्त झालेले दौलतराव पारनेरकर. गळ्यात झेंडूचा जाड हार, कपाळावर टिळा, डोळे मिटलेले. खाली मुलाने, परेशने, लिहिलं होतं : ‘दौलतराव पारनेरकर, वय ८१. पट्टी आजच लावा. मजकूर पाठवतो.’ मजकूर आला नाही. उर्वीने परेशला फोन लावला, तो बंद होता.

दौलतराव गेल्या आठवड्यात दवाखान्यात होते, हे तिला माहीत होतं. कशासाठी, ते माहीत नव्हतं. त्यांचं घर आमच्या जिन्यापासून तीनशे पावलांवर. ती खिडकीपर्यंत गेली, पुन्हा खुर्चीत बसली. चार वाजून दहा मिनिटांनी तिने लिहिलं, ‘दुःखद निधन’. आणि मी ते दोनशेदहा घरांत नेलं. खरंखोटं मला तपासता येत नाही. जे येतं ते मी नेतो.

पुढचं मला या खोलीत आलेल्या फोनांवरून कळलं. दौलतरावांच्या घरासमोरच्या मनोरमाबाईंनी पट्टी बघितली, धावत खाली उतरल्या. दौलतरावांच्या दाराला कुलूप. म्हणजे दवाखान्यातच गेले, असं धरून त्यांनी प्रमोदिनीबाईंना फोन केला. त्या दौलतरावांच्या पत्नी; चार दिवसांसाठी इंदूरजवळच्या महूला लेकीकडे गेल्या होत्या. “वहिनी, धीर धरा,” एवढंच मनोरमाबाई बोलल्या आणि रडू लागल्या.

पाच वाजता जिन्यावर पावलं वाजली. चक्कीचं पीठ आणि माझ्या तारा दोन्ही सांभाळणारा आशिष पुढे, आणि त्याच्यामागे काळा चष्मा लावलेले दौलतराव. डोळ्याच्या ऑपरेशननंतरची तपासणी करून बागेत एक फेरी मारून ते घरी आले, तर दारात वीस माणसं उभी.

“वासुदेव,” ते म्हणाले, “मारलंस ते मारलंस. पण हा फोटो? माझ्या सहस्रचंद्रदर्शनाचा आहे रे. फुलं नाकात गेली, म्हणून डोळे मिटले होते. वाढदिवसाच्या पट्टीला परेशला चांगला सापडला नाही का?”

आशिष हसला. वासुदेवराव हसले नाहीत. उर्वी भिंतीला टेकून उभी होती. हार जिवंत माणसालाही घालतात, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या क्षणी तिला ते आठवलं नव्हतं.

तेवढ्यात दौलतरावांचा फोन वाजला. महूहून लेक, शैलजा.

“बाबा? तुम्ही बोलताय? बाबा, मी शाळेतून आत्ता आले. आई घरात नाही, शेजारी म्हणतात, साडेचारला ‘ते गेले’ म्हणत निघाली. फोन टेबलावर आहे. गोळ्याही इथेच आहेत.”

दौलतराव खाली बसले. प्रमोदिनीबाईंची बायपास होऊन दीड वर्ष झालं होतं. साडेचारच्या सुमाराला त्या एकट्या निघाल्या होत्या, नवरा गेला असं समजून. बसने की टेम्पोने, कुणालाच माहीत नव्हतं.

“मी गाडी काढतो,” आशिष म्हणाला.

“कुठल्या रस्त्याने जाशील? शंभर बस आहेत,” वासुदेवराव म्हणाले. मग माझ्याकडे वळत ते उर्वीला म्हणाले, “पट्टी काढ. कॅमेरा लाव. दौलत, इथे बस.”

“काका, हे महूपर्यंत दिसत नाही,” उर्वी म्हणाली.

“चित्र जात नाही. इथल्या माणसांची माणसं सगळीकडे आहेत.”

दौलतराव निळ्या पडद्यापुढे बसले. त्यांनी चष्मा काढला. एक डोळा लाल होता. “मी जिवंत आहे,” ते म्हणाले. “माझी बायको महूहून निघाली आहे, तिला हे माहीत नाही. तपकिरी साडी, हातात खाकी पिशवी. महूच्या रस्त्यावर ज्यांचं कुणी असेल, दुकान असेल, जावई असेल, त्यांनी त्यांना फोन करा. गाड्या थांबवा. तिच्याकडे गोळ्या नाहीत.”

हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. मी तापत होतो. माझ्यातला एक भाग जुना झालाय. अर्धा तास सलग कॅमेरा चालला की चित्राला आडव्या रेघा येतात. आशिषने टेबलफॅन उचलून माझ्यासमोर धरला आणि तसाच उभा राहिला. “टिक जा, भिया,” मला भाऊ म्हणत तो म्हणाला. “आज टिक जा बस.”

फोन येऊ लागले. वाटेतल्या राऊच्या बसथांब्यावर कुणाच्या मेव्हण्याचं कचोरीचं दुकान होतं. भंवरकुआँला कुणाची भाची शिकवणीला होती. कुणी मोटरसायकल घेऊन निघालं. उर्वी प्रत्येक फोनवर तेच वर्णन सांगत होती आणि वहीत जागा लिहीत होती. पाच पन्नास. सहा. सहा वाजून दहा मिनिटं. महूहून इथे यायला एवढा वेळ लागत नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सहा सतराला राऊहून फोन आला. “मिल गईं माताजी. बस पंक्चर खडी थी. बैठी हैं, कुछ बोलती नहीं. लो, बात करो.”

दौलतरावांनी फोन स्पीकरवर घेतला. “प्रमोदिनी. मी बोलतोय.”

पलीकडून बारीक आवाज आला. कॅमेऱ्याचा माईक चालू होता, त्यामुळे तो दोनशेदहा घरांनी ऐकला.

“दुपारचे थेंब घातले का डोळ्यात?”

“घातले.”

“खोटं.”

सात वाजता रिक्षा खाली थांबली. प्रमोदिनीबाई घरी न जाता आधी जिना चढून वर आल्या. मनोरमाबाईंनी हात धरला होता, तो त्यांनी सोडवला. दौलतरावांकडे एकदा पाहिलं आणि मग खोलीतल्या सगळ्यांकडे.

“कुणी लावलं ते?”

उर्वीने तोंड उघडलं. त्याआधीच वासुदेवराव बोलले. “वहिनी, मशीन जुनं झालंय. फोटो एकाचा आला, मजकूर दुसऱ्याचा अडकला. तांत्रिक बिघाड.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत या माणसाने माझी वायर स्वतःच्या हाताने कितीदा जोडली असेल. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

“असं,” प्रमोदिनीबाई म्हणाल्या. “मग ते मशीन टाकून द्या, भाऊजी. दुसऱ्या कुणावर ही वेळ नको.” आणि त्या नवऱ्याला घेऊन उतरल्या.

उर्वी म्हणाली, “काका, तुम्ही असं का सांगितलंत?”

“बेटा, तुला इथे राहायचंय. तुझं नाव आलं तर जन्मभर लोक म्हणतील, हिने पारनेरकरांना मारलं होतं. डब्याचं काय जातं?” त्यांनी आशिषला सांगितलं, सकाळी सातला पट्टी लावायची : ‘तांत्रिक बिघाडामुळे झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ आशिषने टाइप करून ठेवली. उर्वी पिशवी उचलून गेली.

माझं तरी खरंच काय जाणार होतं? पत्रा आहे तो, भंगारात गेला असता. पण त्या संध्याकाळी मला वाटलं, दोनशेदहा घरांतली माणसं आता सातव्या नंबरवर काही दिसलं की म्हणतील, जाऊ दे, मशीनचं काय खरं. आणि एक दिवस कुणी खरंच गेलेलं असेल.

सकाळी सहा चाळीसला उर्वी आली. डोळे सुजलेले, केस ओले. आशिष चक्की सुरू करत होता. तिने त्याला वर बोलावलं. “पट्टी नको. कॅमेरा लाव.”

“दीदी, सोच लो. इथे लोक पोहे खाता खाता बघतात. दिवसभर चघळतील.”

“चघळू देत.”

“काकांना विचारलं?”

“प्रमोदिनीकाकूंना विचारून आले. त्या दार उघडेपर्यंत उभी होते.”

“मग? काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, मला कालच कळलं होतं, माणसानेच लावलं ते. ऐंशीच्या वरचा माणूस आहे, म्हणजे गेलाच असणार, हे मशीन कसं ठरवेल. म्हणाल्या, बोल, मी टीव्ही लावून बसते.”

आशिषने कॅमेरा लावला. तेवढ्यात वासुदेवराव जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आले. त्यांनी पाहिलं, आणि तिथेच कठडा धरून थांबले. उर्वीने त्यांना पाहिलं. तिने निळ्या पडद्यापुढची फुलं बाजूला सरकवली आणि बरोबर सातला बोलू लागली. मी तिचं चित्र उचललं आणि एकही रेघ न येऊ देता गच्च्यागच्च्यांवरून घरोघर नेलं.

“नमस्कार. मी उर्वी. काल चार वाजून दहा मिनिटांनी दौलतरावांची पट्टी मी लावली. मशीन ठीक आहे. त्यांचं घर इथून तीनशे पावलांवर आहे, आणि मी गेले नाही.”