सव्वापाचची वरात

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. अठ्ठावीस वर्षं डहाणूत जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतेय. हळू आवाजात बोलून पहिलीचा वर्ग सांभाळून दाखवा, मग मला बोला.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मला फळा दिसेनासा झाला. म्हणजे फळा दिसायचा, त्यावर मीच लिहिलेलं दिसायचं नाही. डोळ्यांवर दुधाची साय धरल्यासारखं सगळं. पोरं पाटी दाखवायची, मी ती नाकाला लावायची, तरी पत्ता लागायचा नाही. शेवटी वापीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, "दोन्हीकडे मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन करावं लागेल. पण आत्ता नाही."

का, तर साखर. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी असते ना, ती आली अकरा पॉइंट दोन. "आठच्या खाली आणा, मग या. एवढ्या साखरेवर मी डोळ्याला हात लावणार नाही."

"आणि नाही आली तर?"

"तर आज दिसतंय तेवढंही दिसणार नाही."

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि घळाघळा रडले. नोकरीची पाच वर्षं उरलेली. पाटी न दिसणारी बाई पहिलीला काय शिकवणार, कपाळ? आज ना उद्या हेडसरांच्या लक्षात येणार, आणि मग सगळे गोड बोलून मला स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरायला लावणार. मला ते नको होतं. मला माझा वर्ग हवा होता. बाकी जगात मला फारसं काही जमत नाही, तेवढं एक जमतं.

आमचे हे, शैलेश, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. अंगाने काठी. परातभर भात खातात आणि वजनकाट्याला कळतसुद्धा नाही. त्यांनी माझा रिपोर्ट बघितला, "गोड कमी कर," म्हणाले आणि ड्युटीवर गेले. झालं, संपला नवऱ्याचा आधार.

आधार शेजारून आला. आमच्या शेजारचे अण्णा रिटायर्ड स्टेशन मास्तर, वय अडुसष्ट. त्यांची सकाळी चालणाऱ्यांची टोळी होती. स्वतः अण्णा, कापड दुकानवाले यतीनभाई, आणि जवळच्या सरावलीची संगीता, अंगणवाडीत मदतनीस. यतीनभाईंच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या, संगीताला बीपी. सव्वापाचला निघायचं, पारनाक्यावरून समुद्र गाठायचा, सुरूच्या झाडांखालून एक फेरी आणि परत. अण्णांचा नियम एकच, आणि तो रेल्वेपेक्षा कडक. कुणी आलं नाही तर बाकीच्यांनी त्याच्या दारासमोर जाऊन उभं राहायचं. बेल मारायची नाही, फोन करायचा नाही. नुसतं उभं राहून मोठमोठ्याने गप्पा हाणायच्या. शेजाऱ्यांचे दिवे लागायला लागले की आतला माणूस लाजेने आपोआप बाहेर येतो.

मी सामील झाले आणि महिन्याभरात या वरातीची बँडमास्तर झाले. यतीनभाई थंडीत दोनदा दडी मारून बसले, तर मी त्यांच्या दारात बाराखडी म्हटली, वर्गातल्या आवाजात. 'ख'ला पोचेपर्यंत गडी चप्पल घालून बाहेर. "मुक्ताबेन, बस करो, वरती सासूबाई जागी झाली!" म्हणाले.

तीन महिने मी एक दिवस चुकवला नाही. चहातली साखर बंद. भात बंद. सहकाऱ्यांच्या वाढदिवसाचा केक पोरांना वाटला. गोळ्या वेळेवर. जानेवारीत रक्त दिलं तेव्हा मी मनातल्या मनात ऑपरेशनच्या रजेचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता.

रिपोर्ट आला. अकरा पॉइंट सहा.

कमी नाही, वाढली! मी मधुमेहाच्या डॉक्टरांना म्हटलं, तुमचं मशीन बिघडलंय. आमचे डहाणूचे डॉक्टर तसे शांत. म्हणाले, "बाई, उठल्यापासून काय काय तोंडात जातं ते सांगा. पाणीसुद्धा सोडू नका." मी सगळं घडाघडा सांगितलं. उठल्यावर कोमट पाणी, मग चालणं, मग नीरा, मग घरी येऊन बिनसाखरेचा चहा...

"थांबा. नीरा?"

"हो. परतीच्या वाटेवर नवशी बसते ना मडकं घेऊन. ताजी असते. उतरवलेली लगेच."

"किती?"

"दोन ग्लास. कधी तीन." मग त्यांचा चेहरा मला नीट दिसत नसला तरी काहीतरी चुकलंय एवढं कळलं. "ती औषधी असते ना, डॉक्टर? अण्णा म्हणाले शुगरवाल्याला चालते. झाडाची आहे, फॅक्टरीची थोडीच आहे!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, त्याच रसाचा गूळ करतात. रोज सकाळी उपाशीपोटी तुम्ही गुळाचं पाणी पिताय. तेही चालून आल्याचं बक्षीस म्हणून."

आमच्याकडे नीरेला कुणी वाईट म्हणतच नाही हो. ताडीला म्हणतील. ती चढते, ती भांडणं लावते. पण उन्हं वर यायच्या आत प्यायलेली नीरा म्हणजे पुण्यच, असं लहानपणापासून ऐकलेलं. डहाणूबाहेरचा माणूस ही चूक करूच शकला नसता. आम्ही चौघं शहाणे रोज साडेचार किलोमीटर चालत होतो, आणि शेवटी ते सगळं ग्लासात बुडवून येत होतो.

मी तडक अण्णांच्या अंगणात गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. वडीलधारा माणूस, पण मी मागचापुढचा विचार केला नाही. "तुमच्या नीरेपायी माझे डोळे चालले! तीन महिने फुकट गेले माझे! तुम्हाला काय, तुम्ही पेन्शन खाऊन बसलाय!" मी घरी आले आणि दार लावून घेतलं. चालणं बंद. म्हटलं, जाऊ दे मसणात. नशिबात आंधळं होणंच असेल तर निदान पोटभर भात खाऊन होऊ.

दुसऱ्या दिवशी सव्वापाचला दारात वरात हजर. यतीनभाई ठेक्यात टाळ्या वाजवतायत, संगीता अंगणवाडीतली गाणी म्हणतेय. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी आमचे हे म्हणाले, "अगं जा बाई, मला झोपू दे." मी नाही गेले. हट्टाला पेटले की मी माझीही राहत नाही.

पाचव्या दिवशी गाणी नव्हती. मला वाटलं, दमले बहुतेक. उगाच वाईट वाटलं. खिडकीतून वाकून बघितलं तर चार आकृत्या. चौथी कोण? लुगड्याचा काष्टा, डोक्यावर काही नाही. मी दार उघडलं. नवशी होती. विक्रीच्या वेळेला मडकं सोडून आली होती.

"बाई," ती म्हणाली, "हे अण्णा सांगत होते. माझ्या नीरेनं तुमचे डोळे बिघडले?"

"तुझ्या नीरेनं नाही गं," मी म्हटलं, "माझ्या जिभेनं."

"माझी पोर जूनला पहिलीत येणार. काळी नाव तिचं. तुमच्याकडंच घालायची म्हणून मी तिला बालवाडीत रडत रडत पाठवली. तुम्हाला दिसलं नाय तर तिला कोण शिकवल?" मग म्हणाली, "आजपासून तुम्हाला माझ्याकडं नीरा नाय. मागितली तरी नाय. पण चालत या. मला बघून जा."

तिच्यामागे अण्णा मान खाली घालून उभे होते. पन्नास वर्षं ज्या माणसाने हिवाळ्यातली एक सकाळ नीरेशिवाय काढली नाही, तो म्हणाला, "मुक्ता, मीही सोडली. मी पिणार आणि तू बघत उभी राहणार, असली टोळी मला चालवायची नाही. शिव्या द्यायच्या तर चालता चालता दे. उशीर होतोय."

मला इतकी शरम वाटली की त्या दिवशी अख्ख्या फेरीत मी चकार शब्द बोलले नाही. यतीनभाईंनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

त्यानंतर मात्र आम्ही डॉक्टरांनाच टोळीत घेतलं म्हणा ना. चौघंही जाऊन बसलो त्यांच्यासमोर, आणि काय चालतं, काय नाही, ते संगीताने अंगणवाडीच्या जुन्या वहीत लिहून घेतलं. चिकू किती, तर अर्धा. डहाणूत राहून अर्धा चिकू! गोळ्याही वाढवल्या. जेवायला बसलं की आधी ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा, असं ठरलं. एकदा मी वरणाच्या वाटीमागे पेढा लपवला. संगीताचा लगेच व्हॉइस मेसेज, "बाई, वाटी सरकवा." मुलांच्या खोड्या पकडण्यात माझी हयात गेली, आणि ही बया माझ्यापेक्षा वरचढ निघाली.

यतीनभाईंच्या पुतणीचं लग्न आलं मार्चमध्ये. बासुंदीचे हंडे, जिलेबीचे डोंगर. खुद्द मुलीचे काका आम्हा तिघांबरोबर एका पंगतीत बसले, म्हणजे कुणी कुणाला फसवायला नको. वाढपी बासुंदी घेऊन आला की चौघांचे हात एकदम पानावर आडवे. व्याही बिचारे घाबरले, काही मानापमान झाला की काय म्हणून विचारायला आले. यतीनभाई म्हणाले, "मानापमान नाही वेवाईजी, आमचं व्रत आहे." मला त्या क्षणी तो माणूस इतका आवडला म्हणून सांगू!

एप्रिलच्या शेवटी पुन्हा रक्त दिलं. यावेळी मी कुठलाही अर्ज मनात लिहिला नव्हता. संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला गेलो ते चौघं मिळून. लॅबच्या मुलीने कागद हातात ठेवला. मी तो नाकाला लावला, उजेडाकडे धरला, तिरका धरला. आकडे म्हणजे नुसत्या मुंग्या. माझ्या आयुष्याचा निकाल माझ्या हातात, आणि तो मला वाचता येईना.

अण्णांचा चष्मा घरी राहिलेला. यतीनभाई म्हणाले, मी नाही बघणार. मग मी कागद संगीताकडे दिला. चौथीपर्यंत शिकलेली संगीता. तिने बोट ठेवलं आणि वर्गात उभं करून वाचायला लावल्यासारखी एकेक अक्षर वाचायला लागली.

"सात," ती म्हणाली.

"पुढे वाच ना गं!" मी ओरडले. "सतरा की सात?"

"सात. मग टिंब. मग चार." तिने पुन्हा बोट ठेवून बघितलं. "बाई, सात पॉइंट चार! आठच्या खाली! बाई!"

आणि ती भर लॅबमध्ये मला मिठी मारून रडायला लागली. यतीनभाईंनी लॅबच्या मुलीशी हात मिळवला, तिचा काय संबंध देव जाणे. अण्णा बाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, "सात पॉइंट चार!" लोकांना वाटलं भूकंप झाला की काय. मी? मी नाचले. त्रेपन्न वर्षांची, पासष्ट किलोची बाई, आधी अठ्ठ्याहत्तर होते, लॅबच्या बाकड्यांमधल्या जागेत नाचले. कुणाला लाज वाटली असेल तर वाटो.

मेच्या मध्यात वापीला पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. यतीनभाईंच्या दुकानाची व्हॅन, आमचे हे पुढच्या सीटवर, टोळी मागे कापडाच्या गठ्ठ्यांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. डॉक्टरांनी बजावलं, "डोळा सावकाश उघडा. आणि काही झालं तरी डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही."

डोळा उघडला. आधी नुसता पांढरा उजेड. मग डॉक्टरांच्या कोटाचं बटण. त्याला चार भोकं होती, मी मोजली. मग त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. दारात तिघंही दाटीवाटीने उभी. सात महिने ज्यांना मी अंधारात, आवाजावरून आणि चपलांच्या चालीवरून ओळखत होते, ती माणसं. अण्णांची दाढी वाढलेली. संगीताच्या कपाळावर कांजिण्यांचा जुना वण, मला माहीतच नव्हता.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे. मी बघत राहिले, आणि मग जे दिसलं ते दिसलं.

"यतीनभाई," मी म्हटलं, "मिशीला खारी बिस्किटाचा चुरा कसला लागलाय?"

यतीनभाईंचा हात झटकन मिशीवर गेला. अण्णांनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की नर्स धावत आली. "दिसतंय!" ते ओरडले. "अरे, हिला दिसतंय!"

आणि डॉक्टर "बाई, पाणी नको, पाणी नको," करत कापूस घेऊन धावले, तरी मी रडतच राहिले.