कळ

पडद्याला टीप घालता घालता आईने मशीन थांबवलं, तळवे एकमेकांवर घासून ऊबदार केले आणि समोर बसलेल्या लेकीच्या पोटावर हात ठेवला. श्वास रोखून ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली.

"मऊ आहे," ती म्हणाली.

"आत्ताच तर बघितलंस."

"आत्ता कुठे? मघाशी."

"मघाशी म्हणजे आत्ताच की गं." लेक हसली आणि पडद्याला पितळी कड्या अडकवत राहिली. सुई-कात्री तिच्या हाती द्यायची नाही हा या घरातला जुना शिरस्ता होता. लहानपणापासून तिच्या वाट्याला कड्या, बटणांचे डबे आणि कापडाच्या घड्या एवढंच यायचं.

गल्लीत तिला वाघीण म्हणत. पहिली लस टोचली तेव्हा पोर रडली नाही, उलट नर्सच्या चष्म्याकडे बघून हसली. "काय गुणी बाळ आहे हो!" नर्स म्हणाली आणि आईची मान ताठ झाली. पुढे दात आले. एका सकाळी उशी रक्ताने भिजलेली दिसली. पोर आपलीच जीभ चावून मजेत पाय झाडत पडली होती. त्या दिवशी आईला जी धास्ती बसली ती आजतागायत गेलेली नव्हती. तापलेल्या इस्त्रीला कोपर टेकून वाघीण गाणी म्हणायची. पायाचं हाड मोडलेलं असताना दोरीच्या उड्या मारून यायची. लोक म्हणायचे, धीट आहे पोर. आईला वाटायचं, धीट कसली, तिला कळतच नाही काही. दिवेलागणीला ती मुलीला दिव्याखाली उभी करायची आणि बोटं, टाचा, जीभ, सगळं तपासायची. मुलगी कधी घाबरायची नाही. तिच्या वाटणीचं आईच घाबरायची.

कारण कळलं ते फार उशिरा. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी कागदावर एक लांबलचक रेघ काढली.

"ही मज्जापेशी," ते म्हणाले. "हिच्या भिंतीत बारीक बारीक दारं असतात, प्रथिनांची. ठेच लागली, भाजलं, की दार उघडतं, सोडियम आत शिरतं आणि निरोप पुढे निघतो. हिचं दार उघडत नाही. म्हणून निरोप निघतच नाही."

"कधीच नाही?"

"दार कसं बनवायचं ते एका जनुकात असतं. एससीएन-नाइन-ए त्याचं नाव. त्याच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, बापाकडून एक. हिच्या दोन्ही बिघडलेल्या आहेत. स्पर्श कळेल, दाब कळेल. दुखणं कळणार नाही. वासही येत नसणार, बघा."

तो येत नव्हताच. आणि आईला एवढंच ऐकू आलं होतं की एक प्रत आपली. पुढे वाघिणीचे वडील वारले तेव्हा त्यांची अर्धी चूकही आईने आपल्याच डोक्यावर घेतली.

आता वाघीण बाळंतपणाला आली होती. प्रसूतीच्या डॉक्टरबाईंनी आईला मुद्दाम बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कळा येतील, पण हिला त्या कळणार नाहीत. तुम्ही लक्ष ठेवा. पोट दगडासारखं झालं, सुटलं, पुन्हा झालं, की थेट निघून या. दुखतंय का म्हणून विचारत बसू नका."

तेव्हापासून आईने लेकीची पाठ सोडली नव्हती. वाघीण आंघोळीला गेली की ही दाराला टेकून उभी. "बोलत राहा," म्हणायची. आतून वाघीण बाजारातले भाव मोठ्याने म्हणून दाखवायची.

जावई मालाची गाडी चालवायचा. तो सकाळी डोकावून जायचा. "आई, तुम्ही बाळाच्या आधी स्वतःच आडव्या पडाल," असं म्हणायचा. त्याचंही रक्त तपासून घ्यावं, असं आईने एकदा सुचवलं होतं. त्याच्यात तीच चूक निघाली, तर बाळाचंही दार बंद असण्याची शक्यता होती. "फार विरळा असतं ते," तो म्हणाला होता, "आणि निघालंच तर काय करायचं? आमचंच बाळ ते." आईने तो विषय तिथेच गिळला. पण गिळलेलं पचलं नव्हतं.

टीप संपवून तिने दुधाचं भांडं गॅसवर चढवलं. बाहेर ऊन चढलं होतं. वाघीण खिडकीशी उभी राहून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरींकडे बघत होती. तिने एक हात खिडकीच्या गजाला धरला होता आणि एक पाय उचलून पुन्हा ठेवला होता. एवढंच. पण आईचा हात भांड्यावरून निघाला.

तिने पोटावर तळवा टेकवला. पाटा लागावा तसं पोट हाताला लागलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हे घट्ट!"

"सकाळपासून येतंय-जातंय. बाळ आळोखेपिळोखे देतंय, मला वाटलं. आणि आता जरा शौचाला लागल्यासारखं होतंय."

सकाळपासून तिने किती वेळा हात ठेवला होता, आणि दर वेळी तो दोन कळांच्या मधेच पडला होता. मागे दूध उतू गेलं. आईने गॅस बंद केला आणि जावयाला फोन लावला, तर तोंडातून शब्दच फुटेना. शेवटी वाघिणीने फोन हातातून घेतला.

"या घरी. आई घाबरलीय," ती म्हणाली. "मी? मी बरी आहे."

जावयाच्या गाडीत मागे खोकी हलत होती. आई लेकीला आपल्या अंगावर टेकवून बसली होती. प्रत्येक खड्ड्याला तीच कण्हत होती, आणि लेक तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

डॉक्टरबाईंनी तपासलं मात्र, त्यांचा आवाज बदलला. "डोकं खाली आलंय. टेबलावर घ्या हिला." मग आईकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आत थांबा. पोटावर हात असू दे. कळ आली की मला सांगायचं. ती सांगू शकत नाही."

पडद्यापलीकडच्या टेबलावर दुसरी एक बाई होती. ती ओरडत होती, आईला, देवाला, नवऱ्याला हाका मारत होती. वाघीण मान वळवून ऐकत होती.

"तिला काय होतंय गं?"

"काही नाही. तुला होतंय तेच."

आईच्या तळव्याखाली पोट वर चढलं, आवळलं. "आली!" आई म्हणाली आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "जोर लाव." पोट सैल पडलं. पुन्हा आवळलं. "आली!" आत काही फाटलं, काही तुटलं तर ही पोरगी अशीच छताकडे बघत पडून राहील, हा एकच विचार तिच्या डोक्यात घोंघावत होता. डॉक्टरबाईही पुन्हा पुन्हा रक्तदाब बघायला लावत होत्या, म्हणजे त्यांच्याही मनात तेच असावं. पडद्यापलीकडून किंकाळी आली. आईला त्या अनोळखी बाईचा हेवा वाटला.

"झालं?" वाघिणीने विचारलं, तेव्हा नुकतीच जन्मलेली मुलगी डॉक्टरबाईंच्या हातात होती.

ती रडली. जावयाने दाराबाहेर ते रडणं ऐकलं आणि भिंतीला डोकं टेकवलं. सगळे हसले, फक्त आई हसली नाही. जन्मताना वाघीणही रडली होती. भुकेने रडायची, गारठ्याने रडायची. त्या रडण्याचा काही भरवसा नाही, हे या खोलीत एकट्या आईला माहीत होतं. तिने नात हातात घेतली. गोड होती, नाक अगदी जावयाचं होतं. आई तिच्या मिटलेल्या मुठींकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी नर्स ट्रे घेऊन आली. "टाचेतून रक्ताचे चार थेंब घ्यायचेत," ती म्हणाली. "सगळ्याच बाळांचे घेतो."

आई उठून उभी राहिली. तिला बाहेर जायचं होतं, पण ती खाटेची कड धरून तिथेच थांबली. जावई तिच्याकडे बघत होता. त्याच्याही चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. इतके महिने हसण्यावारी नेणारा हा माणूस आतून आपल्यासारखाच पोखरला जात होता, हे तिला तेव्हा दिसलं.

नर्सने इवलीशी टाच बोटांत धरली आणि टोचलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग मुलीने पाय ओढून घेतला, चेहरा लालबुंद झाला आणि अशी किंकाळी फोडली की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आई मटकन खुर्चीत बसली. तोंडावर पदर धरून ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. जावई म्हणत होता, "दुखलं! आई, दुखलं तिला! बघितलंत?" नर्सला वाटलं, दोघांच्याही डोक्यावर परिणाम झालाय.

"सोडा तिला!"

आवाज वाघिणीचा होता. ती खाटेवर गुडघ्यांवर उठली होती. तिने नर्सच्या हातातून मूल जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि छातीशी धरलं.

"अगं, बरंच झालं हे," जावई म्हणाला. "दार उघडं आहे तिचं. कळतंय तिला."

वाघिणीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मूल हुंदके देत होतं. टाचेवरच्या कापसावर लाल ठिपका उमटला होता. ती त्या ठिपक्याकडे बघत होती.

"किती दुखलं असेल, आई?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती?"

मुंगी चावते तेवढं, असं आईच्या जिभेवर आलं होतं, पण मुंगी चावलेलीही हिला कधी कळली नव्हती. जावयाने हळूच मान खाली घातली.

"हिला काही झालं तर ही रडेल," वाघीण म्हणाली, "आणि कशाने रडतेय, किती दुखतंय, मला काहीच कळणार नाही. तुम्हाला सगळ्यांना कळेल. मलाच नाही कळणार." तिने मुलीला आणखी घट्ट धरलं, मग फार घट्ट तर नाही ना झालं म्हणून एकदम सैल केलं. "आई, मला भीती वाटतेय."

हे वाक्य तिच्या तोंडून आईने जन्मात ऐकलं नव्हतं. काळजी करू नकोस, जाईल ही भीती, असं म्हणायला हवं होतं. पण जाणार नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं.

"सरक जरा," ती म्हणाली, आणि लेकीच्या शेजारी खाटेवर बसली.