जुन्या तोंडाची चार्जिंग गन

मी एक चार्जिंग गन बोलतेय. दचकू नका, माझ्यातून गोळी सुटत नाही. मी विजेच्या गाड्यांची पोटं भरते.

माझा जन्म झाला तेव्हा कंपन्यांच्या साहेबांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की, उद्या प्रत्येक गाडीला माझ्याच मापाचं तोंड असेल. पण दुसऱ्या कंपन्यांचे साहेब दुसऱ्याच टेबलाभोवती बसले होते आणि त्यांनी वेगळं माप ठरवलं. वीज तीच, काम तेच, पण एकीचं तोंड दुसरीच्या गाडीत बसेल तर शपथ. एवढ्या शिकलेल्या लोकांना एक भोक ठरवता येऊ नये, याचं मला अजून नवल वाटतं.

मला एका मोठ्या दुकानामागच्या वाहनतळावर, यंत्राच्या डाव्या बाजूला बसवलं. उजवीकडे दुसऱ्या मापाची धाकटी. घरात दोन जावा आणि चूल एकच, कारण यंत्र एका वेळी एकीलाच वीज देतं. सुरुवातीला रांग माझ्यापुढे असायची आणि मी धाकटीला पाहून नाक मुरडायची, खोटं कशाला बोलू. मग नव्या गाड्या तिच्या मापाच्या येऊ लागल्या. माझ्यावर लोक ओल्या छत्र्या टांगू लागले.

नेमाने येणारी एकच उरली, घरोघरी जाऊन बाळंतपणं करणारी नर्सबाई. तिची जुनी गाडी माझ्या मापाची. मला लावण्याआधी ती रुमालाने पुसायची. माझा तिच्यावर फार जीव.

एका दुपारी मेकॅनिक आला. थोरलीला काढा आणि तिच्या जागी धाकटीचीच बहीण बसवा, असा वरून हुकूम होता. त्याने दोन नट काढले, तिसऱ्याला पाना लावला आणि तेवढ्यात नर्सबाई आली. गाडीत पाच किलोमीटरपुरती वीज, अठरा किलोमीटरवर एक पहिलटकरीण घरात एकटी, सकाळपासून कळा सुरू असलेल्या. माझ्या मापाची गन आसपास दुसरीकडे उरली नव्हती.

धाकटी तेव्हा एका लांबलचक गाडीला लावलेली. ब्याण्णव टक्के झाले होते. शंभर झाल्याशिवाय हलणार नाही, असं मालकाने आतूनच सांगितलं. शेवटच्या टक्क्यांना यंत्र गोगलगाय होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

नर्सबाई शांतपणे म्हणाली, "दादा, तुमचे आठ टक्के कुठं पळून जात नाहीत. बाळ मात्र थांबायचं नाही."

त्याने काच वर घेतली. मेकॅनिक उठला आणि यंत्र थांबवायचं लाल बटण दाबून म्हणाला, "साहेब, मशीन दुरुस्तीला घेतलंय."

मग त्याने माझे दोन नट परत आवळले, यंत्र सुरू केलं आणि मला तिच्या गाडीला लावलं. वीस मिनिटं मी जीव तोडून वीज ओतली.

जाताना तिने मेकॅनिकचा नंबर घेतला. तो तिथेच थांबला आणि दोन तासांनी त्याला तिचा फोन आला. "वेळेत पोचले हो. मुलगी झाली. दोघी ठणठणीत आहेत. आता खुशाल काढा ती गन."

त्याने पाना हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं, पाना पिशवीत टाकला आणि कागदावर लिहिलं, 'नट गंजला आहे. निघत नाही.'

त्याला आठ महिने झाले. तो दर महिन्याला येतो, नटाला तेल देतो आणि तेच वाक्य पुन्हा लिहितो.

साहेबांनी आता तिसरं माप काढलंय म्हणे. परवा धाकटीने हळूच विचारलं, "जाऊबाई, तुमचा नट खरंच गंजलाय का हो?"

मी म्हटलं, "गप्प बस. तुझी पाळी येईल, तेव्हा तुलाही असाच मेकॅनिक मिळो."