मोठ्या डॉक्टरांच्या पाठीवरचा डाग

"शर्ट काढा आणि पालथे झोपा," सिस्टर म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनी मुकाट्याने ऐकलं. त्वचाविभागात आजवर त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नव्हता. खांद्याखालचा डाग बायकोच्या नजरेला आला, म्हणून ओपीडी संपल्यावर गुपचूप आले होते.

सिस्टरने कॅमेरा डागावर टेकवला. दोन वर्षांपूर्वी तिची ताई याच टेबलावर होती, आणि ती ताईचा हात धरून उभी. पोटरीवरच्या डागाचा फोटो पाहून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या मशीनने लाल पट्टी दाखवली होती : कर्करोगाची शंका, तुकडा काढून तपासा. मोठे डॉक्टर हसले होते. "मशीनला काय कळतंय? तीळ आहे. माझं ऐकणार की या डब्याचं?"

ताईने डॉक्टरांचं ऐकलं. वर्षही काढलं नाही तिने. त्यानंतर सिस्टरने मुद्दाम याच विभागात बदली मागून घेतली. "कशाला त्या माणसाच्या हाताखाली?" नवरा विचारायचा. "येईल कधीतरी तावडीत," एवढंच ती म्हणायची.

स्क्रीनवर लाल पट्टी उमटली.

"काय म्हणतंय गं?" डॉक्टरांनी उशीतूनच विचारलं.

तिने स्क्रीन भिंतीकडे फिरवला. "मशीनला काय कळतंय, सर? तीळ आहे."

"हुश्श! बायकोने उगाच जिवाला घोर लावला." शीळ घालत ते बटणं लावू लागले.

जाऊ दे असाच, तिला वाटलं. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला. पण मग ताई कशाने गेली, हे याला कधी कळणार?

"सर, हे बघा." तिने स्क्रीन वळवला.

डॉक्टरांनी लाल पट्टी वाचली. ते स्टुलावर बसले. "मघाशी... खोटं बोललीस?"

"तुमचेच शब्द होते. माझ्या ताईला ऐकवलेले. तिला दारातून कुणी परत बोलावलं नाही." तिने कीबोर्ड पुढे ओढला. "सर्जनकडे रिपोर्ट पाठवतेय. डाग लहान आहे, वाचाल. भरपूर जगा, सर. पाठीवर व्रण राहील. हात लागेल तेव्हा तेव्हा ती आठवू दे."

डॉक्टरांनी हात मागे नेऊन डाग चाचपला. मग हळूच म्हणाले, "नाव काय होतं तिचं?"

म्हणजे नावही ठाऊक नव्हतं.

तिने सांगितलं नाही. टेबलावरचा कागद ओढून चुरगळला, टोपलीत टाकला. नवा अंथरला, आणि सुरकुती जाईपर्यंत त्यावरून तळहात फिरवत राहिली.